तक्रार करणाऱ्या कैद्याला वाली कोण?

वसईच्या न्यायालयातून न्यायालयीन कोठडीत गेलेला कच्चा कैदी साधारणपणे ठाण्याच्या किल्ल्यातल्या मध्यवर्ती कारागृहात पोहोचतो. तिथल्या शिपायाने हात उगारला, तर तक्रार करायची त्याच शिपायाच्या वरिष्ठाकडे. या पेचाचा साठ वर्षांचा प्रवास पाहिला, की एक गोष्ट ठळक होते. तुरुंग प्रशासनाविरुद्ध दाद मिळाली ती बहुतेक वेळा ज्याचे बाहेर कुणी होते, त्यालाच. १९६५ मध्ये स्थानबद्ध प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात लिहिलेले ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक छपाईसाठी बाहेर पाठवू द्यायला सरकारने नकार दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कैद्याच्या बाजूने कौल दिला. पण संझगिरी राजकीय कार्यकर्ते होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या सुनील बत्रा निकालाची सुरुवातही एका कैद्याच्या पत्रानेच झाली. वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केल्याचे त्यात कळवले होते. न्यायालयाने तेव्हा तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली ठेवायला सांगितले. एकांतकोठडी किंवा शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात बदली करायची, तर सत्र न्यायाधीशांची संमती घ्यावी आणि तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवावे, असेही बजावले. सूड कोणत्या वाटांनी उगवला जातो, हे न्यायमूर्तींनी नेमके ओळखले होते.

तरी भायखळ्याच्या महिला कारागृहात २०१७ च्या जूनमध्ये काय घडले? मंजुळा शेट्ये ही जन्मठेपेची कैदी, बराकीची वॉर्डर. दोन अंडी आणि पाच पाव कमी आल्याचे तिने सांगितले, म्हणून तिला मारहाण झाली आणि त्यात तिचा जीव गेला, असा आरोप आहे. सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. पण दुसऱ्या बाजूबद्दल कमी बोलले जाते. मृत्यूनंतर आक्रोश करणाऱ्या अनेक कैदी महिलांवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. म्हणजे ज्या साक्ष देऊ शकत होत्या, त्याच आरोपी झाल्या. त्याच तुरुंगातल्या, खटला चालू असलेल्या इंद्राणी मुखर्जीने आपल्यालाही मारहाण झाल्याचे विशेष न्यायालयाला सांगितले, तेव्हा वैद्यकीय तपासणी झाली आणि अंगावर मुका मार दिसला. तिची तारीख होती, वकील होते. मंजुळाची शिक्षा लागून गेलेली, त्यामुळे तिला पुढची तारीखच नव्हती.

यावर आक्षेप घेतला जातो की कैदी तक्रारीला हत्यार बनवतात आणि तुडुंब भरलेले तुरुंग चालवणारे कर्मचारी अपुरे आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण खोटी तक्रार उघडी पाडायलाही बाहेरचा डॉक्टर आणि बाहेरचा न्यायाधीशच लागतो. तुरुंगाने स्वतःलाच निर्दोष ठरवले तर प्रामाणिक जेलरचाही फायदा होत नाही. याहून कठीण आक्षेप आपल्या भागातला आहे. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांची जखम विरारपर्यंतच्या घरांनी सोसली. त्या खटल्यातल्या आरोपींना २००८ मध्ये आर्थर रोडला मारहाण झाली, तर कळवळा कुणी दाखवायचा? मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अवाजवी बळ वापरल्याचा ठपका ठेवून कारवाईचे निर्देश दिले, ते कळवळ्यापोटी नव्हे. हे आरोपी तेव्हा कच्चे कैदी होते. २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. तो निकाल इतरत्र दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे, हे खरे. पण २००८ ला लाठी उचलणाऱ्याला गुन्हेगार कोण हे ठाऊक नव्हते, आणि दोष सिद्ध झालेला असता तरी शिक्षा सुनावणे हे त्याचे काम नव्हते.

म्हणून नवे कायदे मागण्याआधी जुन्या सुनील बत्रा निकालाचा हिशेब मागायला हवा. ठाणे, तळोजा, आर्थर रोड इथल्या तक्रारपेट्या गेल्या वर्षभरात सत्र न्यायाधीशांसमोर किती वेळा उघडल्या? एकांतकोठडीच्या किती आदेशांची त्यांना दोन दिवसांत खबर गेली? तक्रार करणाऱ्याची बदली झाली की तारखा जुळवून पाहणारे कुणी आहे का? नालासोपाऱ्याच्या चाळीतून ठाण्याला गेलेल्या, वकील परवडत नसलेल्या पोरासाठी या हिशेबाची नोंदवही संझगिरींच्या निकालापेक्षा जास्त उपयोगाची आहे.