ताटातलं लोह रक्तात का पोचत नाही?



‘रसायन’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर युरियाची गोणी येते, फवारणीचं औषध येतं, नाहीतर फिनेलची बाटली येते. पण मीठ हेही रसायनच, पाणीही रसायनच आणि लिंबाचा रससुद्धा. आपलं अंग तर सगळंच रसायनांचं बनलेलं आहे. शाळेत रसायनशास्त्र अवघड वाटलं असेल, किंवा शाळाच सुटली असेल, तरी काळजी नको. यातलं निम्मं तुम्ही रोज चुलीपुढे करताच.

आज हा विषय घेण्याचं कारण वेगळं आहे. बैठकीत आरोग्याचं बोलणं निघालं की तक्रारी ठरलेल्या: दम लागतो, चक्कर येते, पाय ओढतात, कामात मन लागत नाही. तपासलं की “रक्त कमी आहे” असं निघतं. मग सल्ला मिळतो, पालेभाजी खा. आणि ताई म्हणते, “खाते की रोज! तरी वाढत नाही.” ती खोटं बोलत नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच जणी तरी. मग खाल्लेलं जातं कुठे, ते आज बघू.

पन्नास किलोच्या बाईत काय काय असतं?

जगातली प्रत्येक वस्तू थोड्याच मूळ पदार्थांपासून बनते. त्यांना मूलद्रव्यं म्हणतात. एका ५० किलो वजनाच्या बाईचा हिशेब मांडला तर साधारण असा येतो: ऑक्सिजन ३२ किलो, कार्बन ९ किलो (कोळशात असतो तोच), हायड्रोजन ५ किलो, नायट्रोजन दीड किलो (युरियात असतो तोच), कॅल्शियम पाऊण किलोच्या आसपास (चुन्यात असतं तेच) आणि फॉस्फरस अर्धा किलो. ऑक्सिजन एवढा कसा? कारण अंगात पाणी जास्त, आणि पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जोडी.

आणि लोह? फक्त ३ ग्रॅमच्या आसपास. एखाद्या लहान खिळ्याएवढं. पण तेवढ्यावर सगळा गाडा चालतो.

मूलद्रव्यं आणि त्यांचे पदार्थ एकमेकांना भेटले की बदलतात, यालाच रासायनिक क्रिया म्हणतात. हळदीवर चुन्याची निवळी टाका, ती लाल होते. पूर्वी कुंकू असंच करायचे. त्यावर लिंबू पिळा, रंग परत पिवळ्याकडे वळतो. विळा ओला ठेवला तर गंजतो, म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांची क्रिया होते. हा गंज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रक्तातली चार सिटांची रिक्षा

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. रक्ताचा लाल रंग त्याचाच. हिमोग्लोबिनच्या एका कणात लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणूवर ऑक्सिजनची एक जोडी बसते. चार सिटांची रिक्षाच म्हणा ना. फुफ्फुसात सवारी भरायची आणि हात, पाय, मेंदू, पोटातलं बाळ, जिथे गरज असेल तिथे उतरवायची. विळ्यावरच्या गंजात लोह ऑक्सिजनला धरतं ते सोडत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह मात्र धरतं आणि सोडतंही. ही सोडायची कला आहे म्हणून आपण जिवंत आहोत.

लोह कमी पडलं की रिक्षा कमी तयार होतात. मग आहेत त्याच रिक्षांना जास्त फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून हृदय धडधडतं आणि दम लागतो. हा आळस नाही, आणि “बायकांना एवढं असतंच” असंही नाही. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर जिच्या अंगात आधीच रक्त कमी आहे तिच्या जिवावर बेततं.

जाता जाता एक गैरसमज दूर करते. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं असं नाही. बिटाचा लाल रंग वेगळ्याच पदार्थाचा असतो, त्याचा लोहाशी संबंध नाही. बीट जरूर खा, पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका.

लोहाचं पासबुक

गटाचा हिशेब आपण ठेवतो, तसाच लोहाचा ठेवून बघू. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की शरीर तिच्यातलं लोह फेकत नाही, परत वापरतं. म्हणजे काटकसर आहेच. तरीही रोज सुमारे १ मिलिग्रॅम खर्च होतं. पाळीत महिन्याला साधारण १५ मिलिग्रॅम जातं. अंगावरून जास्त जात असेल तर त्याहून अधिक. एका गरोदरपणाला सगळं मिळून जवळजवळ १ ग्रॅम लोह लागतं. अंगात मुळात तीनच ग्रॅम! दोन बाळंतपणं जवळजवळ झाली की ठेव का संपते, ते यावरून कळेल.

आता जमेची बाजू. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईनं दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह खावं. खर्च दीड-दोन मिलिग्रॅम आणि खायचं २९, असं का? कारण धान्य-भाजीतल्या लोहाचा दहावा हिस्सासुद्धा धड आत शिरत नाही. बाकीचं तसंच बाहेर पडतं. म्हणजे ताटात पडलं ते जमा झालं असं नाही. जमा होतं ते आतड्यातून रक्तात गेल्यावरच.

अडवतं कोण, सोडवतं कोण?

केसांना लावायची मेंदी आपण लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवतो. सकाळी ती काळी झालेली असते. का? चहात टॅनिनसारखे तुरट पदार्थ असतात. ते कढईतल्या लोहाला घट्ट पकडतात आणि त्या जोडीचा रंग काळा होतो. आता बघा, आपण भाकरी-भाजी खाल्ली आणि वर लगेच कपभर चहा घेतला. तीच पकडापकडी पोटात होते. चहात अडकलेलं लोह आतड्याला उचलता येत नाही. जेवणासोबत चहा घेतला तर आत जाणारं लोह निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. दूध घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. कॉफीचंही चहासारखंच.

दुसरा अडवणारा धान्या-कडधान्यातच बसलेला असतो. त्याला फायटिक आम्ल म्हणतात. पण कडधान्य भिजवलं, मोड आणले, पीठ आंबवलं की ते बरंच कमी होतं. आपल्या आज्या मटकीला मोड आणायच्या, आंबील करायच्या, त्यात हेही साधत होतं.

सोडवणारा आहे लिंबू. लोहाची दोन रूपं असतात. भाजी-धान्यातलं लोह बहुतेक अशा रूपात असतं जे आतड्याला उचलायला अवघड जातं. लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांत क जीवनसत्त्व असतं. ते लोहाचं रूप बदलून सोपं करतं. पण क जीवनसत्त्व उष्णतेनं नाश पावतं, म्हणून लिंबू कढईत नाही, ताटात पिळायचं. मटण, मासे, कलेजी यांतलं लोह मुळातच सोप्या रूपात असतं. ज्या घरात खातात तिथे बाईच्या ताटातही ते पडायला हवं, नुसता रस्सा नव्हे.

मग करायचं काय?

• जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचं अंतर ठेवा. चहा सोडायचा नाही, फक्त वेळ बदलायची.
• बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, हरभऱ्याचा पाला, हळीव, तीळ यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा घ्या.
• अंबाडी, टोमॅटो असं आंबट लोखंडी कढईत शिजवा. आंबटामुळे कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. शिजल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढा.
• सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवू नका. भाजी संपली असेल तर लोहही संपलेलं असतं.

गोळीबद्दल खरं-खोटं

रक्त आधीच कमी असेल तर नुसत्या जेवणानं लवकर भरून निघत नाही, गोळी लागते. ती आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळते. महागाचं टॉनिक घ्यायला गटातून कर्ज काढू नका. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. एरवी ती आठवड्याला एक असते, गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक. रक्त कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढी.

गोळीनं शौचाला काळं होतं. घाबरू नका, ते न शोषलेलं लोह असतं. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्या. चहा-दुधासोबत घेऊ नका. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका, कारण रक्त भरल्यावर ठेवही भरायची असते. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलानं मूठभर गिळल्या तर जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच नसतो. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेल आढळतो. हिमोग्लोबिनमधली एक साखळी १४६ मण्यांची असते. तिच्यातला सहावा मणी बदलतो आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या चालू ठेवू नका.

पुढच्या बैठकीत करून बघा

दोन काचेच्या पेल्यांत कोरा चहा घ्या. मुदत संपलेली, टाकूनच द्यायची लोहाची गोळी कुटून थोड्या पाण्यात कालवा आणि गाळा. हे पाणी एका पेल्यात ओता, दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी. पहिला पेला शाईसारखा गडद होईल. सगळ्यांना दाखवा आणि लगेच ओतून द्या, कुणी प्यायचं नाही.

त्याच दिवशी एक ठराव इतिवृत्तात लिहा: गटातल्या प्रत्येकीनं या महिन्यात उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासायचं. आकडा १२ च्या खाली असेल तर रक्त कमी, गरोदर असेल तर ११ च्या खाली. गरोदर नसताना ८ च्या खाली किंवा गरोदरपणी ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना. प्रत्येकीनं आपला आकडा आपल्याच वहीत लिहायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आपण कर्जाचा हप्ता चुकवत नाही, तशी ही तारीखही चुकवायची नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक