वाडा, रुमाल आणि खरेशास्त्री

पडक्या वाड्यांचं वेड ज्यांना आहे त्यांना त्याचं कारण सांगावं लागत नाही आणि ज्यांना नाही त्यांना सांगून पटत नाही. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, देवघर, मागच्या दारी आड. थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच. कोरीव खांब आणि महिरपींवर पुष्कळ लिहून झालंय. माझं मन अलीकडे त्यावरून उडालंय आणि एकाच प्रश्नापाशी अडून बसतं: या घरातले कागद कुठे गेले?

मेणवलीचंच बघा. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा. हा पडका नाही, बराच सांभाळलेला आहे. येणारी मंडळी घाट बघतात, वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली 1707 सालची पोर्तुगीज घंटा बघतात, ‘स्वदेस’चं शूटिंग इथंच झालं हे एकमेकांना सांगतात आणि जेवायला वाईत परततात. ज्या माणसाच्या हातात मराठी राज्याच्या कारभाराची दोरी वर्षानुवर्षं होती, त्याचं दफ्तर या वाड्यात होतं, हे क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतं. ते साताऱ्याच्या रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या हाती लागलं आणि त्यांच्या संग्रहाबरोबर 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आलं. म्हणजे वाचलं. बहुतेक दफ्तरांच्या वाट्याला वाण्याच्या पुड्या, कसर आणि बंब आला.

मुळात लोक वाडे धुंडाळत फिरले ते नाइलाजाने. पुण्याचं पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या कुलपात होतं, देशी अभ्यासकाला तिथं सहजी शिरकाव नव्हता. मग उरले सरदारांचे, सावकारांचे, कुलकर्ण्यांचे माळे. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, तो वाईला मिळालेल्या कागदांच्या जोरावर. पुढचे खंड धरून बावीस झाले. राजवाड्यांची पायपीट, त्यांचा तऱ्हेवाईकपणा, इंग्रजीत न लिहिण्याचा हट्ट, सगळं आपल्याला तोंडपाठ आहे.

राजवाडे की पारसनीस, हा वादही जुनाच. राजवाडे फकीर, पारसनीस साहेबांच्या ऊठबशीतले, किंकेडसाहेबाबरोबर इंग्रजीत इतिहास लिहिणारे. तेव्हा आपली सहानुभूती कुठे जाणार हे ठरलेलं. मला हा वाद थोडा पोकळ वाटतो. एकाने गावोगाव हिंडून कागद छापले, दुसऱ्याने ते साताऱ्यात आणून राखले. दोघांचे उपकार आहेत. पण ज्याच्याकडून शिकावं असा तिसराच माणूस आहे, आणि तो फारसा हिंडलाच नाही.

आधी रुमालाबद्दल. दफ्तरातले कागद कापडाच्या चौकोनात बांधून ठेवत, तो रुमाल. आतलं पत्र मोडीत, शब्द तोडायची पद्धत नाही, विरामचिन्हांचं नाव नाही. शेवटी तारीख असते, पण कशी? ‘छ’ हे अक्षर, पुढे चंद्राचा आकडा, मग रजब किंवा साबान असा महिना. साल पुष्कळदा नाहीच! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होतं, तर लिहायचं कशाला? पाठीवर कारकुनाने पत्र पोचल्याची ‘पैवस्ती’ टिपली असेल तर नशीब. नाहीतर साल शोधायचं ते शेजारच्या पत्रांतून. एका पत्रात घरच्या लग्नाची बोलणी, दुसऱ्यात त्याच लग्नाचा खर्च, तिसऱ्यात साल. हे तिन्ही कागद एका रुमालात असतील तोवरच हिशोब लागतो. त्यातला एक ‘महत्त्वाचा’ म्हणून कुणी उचलून नेला की उरलेले दोन मुके, आणि नेलेलाही अर्धा मुका.

वासुदेव वामन खरे यांना हे पुरतं कळलं होतं. जन्म 1858 चा, गुहागरचा. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे शास्त्री; नाटकं लिहिली, एक महाकाव्यही लिहिलं, नाना फडणवीसांचं चरित्र लिहिलं. मिरजेत त्यांच्यापुढे पटवर्धन सरदारांचे कागद आले आणि हा माणूस त्या एका घराच्या कागदांत जन्मभर बसला. 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला. मास्तरच्या पगारात डझनभर खंड! नुसती पत्रं छापून ते थांबले नाहीत. पत्रं सालवार लावली, आणि अधूनमधून त्या काळाची हकीकत स्वतः सांगितली, म्हणजे वाचणाऱ्याला हैदरावरच्या स्वारीत कोण कुठे होतं ते कळावं.

त्यातलं राजकारण सोडा. छावणीतून घरी लिहिणारा पटवर्धन पगार थकल्याचं, वैरण न मिळाल्याचं, भाऊबंदांच्या कुरबुरींचं लिहितो. पुढे 1801 मध्ये सांगली मिरजेपासून फुटली. त्या फाटाफुटीची मुळं शोधायची तर अशा घरगुती चरफडण्याकडेच बघावं लागतं. जाहीरनाम्यांतून ती दिसत नाहीत. ‘बहुत काय लिहिणें’ म्हणून पत्र संपवणाऱ्यांनी बहुत लिहून ठेवलंय, आणि ते कळतं ते खरेशास्त्र्यांनी ओळीने लावलं म्हणून. पटवर्धनांच्या घराण्याची ‘हरिवंशाची बखर’ आणि इचलकरंजी संस्थानचा इतिहासही त्यांचाच. राजवाड्यांच्या प्रस्तावनांइतका झणझणीतपणा त्यात नाही, हे मान्य. म्हणूनच बहुधा त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

खरे 1924 मध्ये गेले. पारसनीस आणि राजवाडे दोघेही 1926 मध्ये, एक मार्चअखेर, दुसरे डिसेंबरअखेर. त्यानंतर चारच वर्षांनी पेशवे दफ्तरातली निवडक कागदपत्रं छापून येऊ लागली, गो. स. सरदेसायांनी पंचेचाळीस भाग काढले. अभ्यासक साहजिकच पुण्याकडे वळले आणि वाड्यांच्या माळ्यांवर चढणं कमी झालं. पण छावणीतून घरच्या माणसाला लिहिलेलं पत्र घरीच राहतं. पटवर्धनांची ही पत्रं मिरजेला न शोधता कुणी पुण्याच्या सरकारी दफ्तरात शोधत बसला असता, तर त्याच्या हाती फार थोडं लागलं असतं.