वाऱ्यासाठी राखलेलं मैदान

एक हजार यार्ड. म्हणजे ९१४ मीटर. एवढ्या लांब उभा असलेला माणूस साध्या डोळ्यांना एका उभ्या रेघेसारखा दिसतो. आणि एवढ्याच अंतरावर जमिनीवर पालथे झोपून, रायफलीचा दस्ता खांद्यात घट्ट रोवून, दुर्बीण न लावता नुसत्या बारीक छिद्रातून नेम धरणारे लोक जगभर आहेत. त्यांच्यापुढच्या अमेरिकी लक्ष्यावरचं ‘दहा’चं वर्तुळ २० इंचांचं, म्हणजे जेमतेम ५१ सेंटिमीटर व्यासाचं असतं.

अशक्य वाटतं ना? थांबा, त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच्यासमोरच्या ‘दहा’च्या वर्तुळाचा व्यास होता फक्त १०.४ मिलिमीटर. ते वर्तुळ त्याच प्रमाणात वाढवत हजार यार्डांवर नेऊन ठेवलं, तर ते १९ सेंटिमीटरचं होईल. पण हजार यार्डांवरचं खरं वर्तुळ आहे ५१ सेंटिमीटरचं! म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला लांब पल्ल्याचं लक्ष्य अडीच पटींहून मोठं दिसतं. तरीही जगातले मुरलेले नेमबाज तिथे गुण गमावतात. का?

कारण मधे एक किलोमीटरभर हवा आहे.

गोळीचा प्रवास जरा बारकाईने बघू. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीची दहा ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. नळीतल्या पिळामुळे ती स्वतःभोवती मिनिटाला दीड लाखाहून अधिक गिरक्या घेत असते. सुटतानाचा वेग अजिबात न गमावता ती पुढे गेली, तर एका सेकंदात लक्ष्यावर पोचेल. प्रत्यक्षात तिला दीड सेकंद लागतो, कारण हवा तिचा वेग ओरबाडून घेते. लक्ष्यापाशी ती येते तेव्हा तिच्याकडे सेकंदाला ४०० मीटरच्या आसपासच वेग उरलेला असतो. या दीड सेकंदात पृथ्वी तिला नळीच्या सरळ रेषेखाली नऊ-एक मीटर खेचते. म्हणून नळी आधीच तेवढी वर उचलावी लागते आणि गोळी वाटेत डोक्यावरून तीनेक मीटर उंचीची कमान करत जाते.

पण हे खाली पडणं मुळीच भीतीदायक नाही. गुरुत्वाकर्षण सोमवारी जेवढं, तेवढंच मंगळवारी. एकदा मोजलं, साइटच्या चकतीवर लावलं, काम झालं. वारा मात्र दर क्षणी वेगळा.

ताशी १६ किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारक्या डहाळ्या सतत हलतील एवढा, बरोबर आडवा वाहत असेल तर गोळी दोन मीटरहून जास्त बाजूला जाते. हा आकडा येतो कुठून? आपल्याला वाटतं, वारा दीडच्या दीड सेकंद गोळीला ढकलत असणार. तसं नाही! एकोणिसाव्या शतकात दिदियों या फ्रेंच तोफशास्त्रज्ञाने याचा विलक्षण साधा हिशेब मांडला. गोळी हवेशिवाय एका सेकंदात पोचली असती, हवेमुळे दीड सेकंदात पोचली. मधला उशीर अर्ध्या सेकंदाचा. वाऱ्याच्या वेगाचा गुणाकार करायचा तो फक्त त्या उशिराशी. ताशी १६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर, अर्ध्या सेकंदात सव्वादोन मीटर. बस, आलं उत्तर! आडव्या वाऱ्यात गोळी आपलं नाक किंचित वाऱ्याच्या बाजूला वळवते आणि हवेचा जो विरोध तिला मागे ओढत होता, तोच आता थोडा बाजूलाही ओढू लागतो. वेग अजिबात न गमावणारी गोळी कुणी बनवली, तर तिला वारा जवळजवळ हलवूच शकणार नाही.

आता हे सगळं ५१ सेंटिमीटरच्या वर्तुळाला लावून बघा. ताशी १ किलोमीटर वाऱ्यामागे गोळी १४ सेंटिमीटर सरकते. वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत जागा आहे साधारण २५ सेंटिमीटर. म्हणजे नेम अचूक, श्वास अचूक, चाप ओढणं अचूक. फक्त वाऱ्याचा अंदाज ताशी २ किलोमीटरने चुकला, की ‘दहा’ हातचा गेला. ताशी २ किलोमीटरचा फरक आपल्या गालाला तरी कळतो का?

म्हणूनच लांब पल्ल्याची नवी रेंज आखायची म्हणजे सपाट जमीन शोधून एका टोकाला मातीचा बांध घालायचा, एवढ्यावर भागत नाही. आखणारा माणूस आधी दिशा बघतो. उत्तर गोलार्धात नेमबाजाचं तोंड उत्तरेला असणं सर्वांत चांगलं, कारण सूर्य दिवसभर पाठीशी राहतो आणि लक्ष्य उजळून निघतं. ऑस्ट्रेलियात याच्या नेमकं उलट. मग तो नकाशावर लक्ष्याच्या पलीकडचा प्रदेश बघतो. चुकून उंच सुटलेली गोळी चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तेव्हा रेंज एक किलोमीटरची असली तरी तिच्यामागे कितीतरी मोठा, पंख्यासारखा पसरलेला निर्मनुष्य पट्टा लागतो किंवा भरभक्कम डोंगर तरी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरीने हा प्रश्न किती सुंदर सोडवला आहे! तिथले नेमबाज ईरी सरोवराकडे तोंड करून गोळ्या झाडतात. लक्ष्याच्या मागे बांध आणि बांधामागे नुसतं पाणी.

आणि मग वारा. इथे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. त्या भागात नेहमी वाहणाऱ्या वाऱ्याशी रेंजचा कोन किती ठेवला, यावर तिथल्या स्पर्धांचा स्वभाव ठरतो. आपल्याला वाटेल, आडवा वारा सर्वांत वाईट आणि समोरून येणारा सोपा. हिशेब करून बघा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा दहा अंशांनी फिरला, तर गोळीची जागा तीन-चार सेंटिमीटरच बदलते. तोच वारा नाकासमोरून येत असेल आणि दहा अंश डावीकडे झुकला, तर गोळी ३८ सेंटिमीटर उजवीकडे. दहा अंश उजवीकडे झुकला, तर ३८ सेंटिमीटर डावीकडे. दोन्ही वेळा वर्तुळाबाहेर! झेंडा मात्र दोन्ही वेळा जवळजवळ तसाच दिसतो. माशाच्या शेपटीसारखा हा डावा-उजवा हेलकावा भल्याभल्यांची झोप उडवतो.

मग चांगला आराखडा तो, ज्यात वारा अडवलेला नसतो आणि लपलेलाही नसतो. उंच भिंती घालून, दाट झाडी लावून वारा बंद केला, तर हजार यार्डांचा खेळ निव्वळ यंत्राच्या कसोटीचा होईल. मुद्दाम खड्डे-उंचवटे करून भोवरे उठवले, तर तो नशिबाचा खेळ होईल. वारा वाचता यायला हवा, पण वाचणाऱ्याला कष्ट पडायला हवेत. म्हणून ठरावीक अंतरांवर लांब निमुळते झेंडे उभारतात. झेंडा काठीपासून किती अंश उचलला गेला ते बघायचं, त्याला चाराने भागायचं, की वाऱ्याचा वेग ताशी मैलांत मिळतो, असा एक जुना ठोकताळा आहे. पावसाने झेंडा भिजला की तो जड होतो आणि वारा आहे त्याहून कमी दाखवतो. मग नेमबाज दुर्बिणीतून मृगजळ बघतात. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा दुर्बिणीत ओहोळासारखी वाहताना दिसते, आणि तिच्या वाहण्याची दिशा म्हणजेच वाऱ्याची दिशा. दुर्बीण लक्ष्याच्या जरा अलीकडे जुळवली, की मधल्या पट्ट्यातला वारा दिसतो. अदृश्य हवा अक्षरशः डोळ्यांनी बघायची! मृगजळ वाहणं थांबून सरळ वर ‘उकळू’ लागलं, की मुरलेला नेमबाज बोट चापावरून काढतो. बऱ्याचदा तो वारा दिशा बदलण्याच्या बेतात असल्याचा इशारा असतो.

आता लक्ष्यापाशी जाऊ. बांधाच्या अलीकडे एक खोल खंदक असतो आणि त्यात, डोक्यावरून गोळ्या जात असताना, माणसं निर्धास्त बसलेली असतात. आपल्या लष्करात यांना बट पार्टी म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाचा एक पोहरा वर येताना दुसरा खाली जातो, तशी लक्ष्यांची चौकट वजनाच्या जोडीने वर-खाली होते. गोळी लागली की चौकट खाली ओढायची, भोकात खुंटीची चकती खोचायची, आधीचं भोक कागदाच्या तुकड्याने बुजवायचं आणि चौकट पुन्हा वर. सरावलेले हात हे काही सेकंदांत करतात. खंदकातल्या माणसाला आधी डोक्यावर ‘फट्’ असा कोरडा कडाका ऐकू येतो. ध्वनीहून वेगाने आलेल्या गोळीची ती आघातलहर. बंदुकीचा मूळ ‘धप्’ आवाज त्यानंतर सेकंदाहून जास्त वेळाने पोचतो!

हाच कडाका आता खंदकातल्या माणसाची जागा घेऊ लागला आहे. चौकटीच्या कोपऱ्यांत मायक्रोफोन बसवतात. आघातलहर प्रत्येक मायक्रोफोनला किंचित वेगवेगळ्या क्षणी गाठते आणि त्या फरकावरून गोळी कुठून गेली ते संगणक काढतो. गोळी थकून ध्वनीच्या वेगाखाली आली असेल तर? मग कडाकाच नाही, आणि अशा मायक्रोफोनच्या लेखी गोळी आलीच नाही. म्हणजे ताकदवान काडतूस ही इथे नुसती हौस राहत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. माणसं शिकतात, बंदुका सुधारतात, पूर्ण गुणांचे ढीग पडू लागतात. मग स्पर्धेत कस टिकवायचा कसा?

बंदूक किती लवकर अचूक झाली होती ते बघा. २ जुलै १८६० रोजी लंडनजवळ विम्बल्डनला ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन झालं. व्हिटवर्थ रायफल एका घडवंचीवर पक्की बसवली होती. राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. याच विम्बल्डनवर १८७१ पासून कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेल्या चषकासाठी ब्रिटन आणि वसाहतींचे संघ झुंजू लागले. ‘कोलापोर’ या नावाने ती लढत इंग्लंडमधल्या बिस्ली इथे आजही होते. लंडनची वस्ती विम्बल्डनपर्यंत सरकली आणि १८९० मध्ये सगळा कारभार बिस्लीला हलवावा लागला. तिथली स्टिकलडाउन रेंज १२०० यार्डांपर्यंत जाते.

न्यूयॉर्कजवळ क्रीडमोरला १८७४ मध्ये अमेरिका आणि आयर्लंड भिडले, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर. लक्ष्याचा मध्य तेव्हा तीन फुटांचा चौकोन होता. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ अशी बाजी मारली. आयर्लंडच्या मिल्नरची एक गोळी नेमकी मध्यात लागली होती, पण शेजारच्या लक्ष्याच्या! मध्याचे गुण ४ आणि हार ३ गुणांनी. आज लक्ष्यांवर क्रमांकांच्या एवढ्या मोठ्या पाट्या का असतात, हे कुणाला सांगायला नको.

त्या चौकोनाचं लवकरच वर्तुळ झालं. पुढे ते आक्रसत गेलं. मग पूर्ण गुणांच्या वर्तुळात आणखी एक छोटं वर्तुळ आलं. त्याचे गुण जास्त नाहीत, पण बरोबरी सोडवायला ते मोजतात. कॅनडाच्या जॉर्ज फार्कुहारसन यांनी वय झालेल्या नेमबाजांसाठी दुर्बीण आणि टेकू वापरता येईल असा ‘एफ क्लास’ प्रकार काढला आणि तिथे गुण इतके चढले, की २० इंचांचं वर्तुळ १० इंचांवर आणावं लागलं.

पण लक्ष्य लहान करणं हा मला सर्वांत चतुर उपाय वाटत नाही. तो आहे बिस्लीचा. अमेरिकेत बऱ्याचदा एक नेमबाज आपल्या सगळ्या गोळ्या सलग झाडतो. वारा स्थिर दिसला की तो भराभर उरकून घेऊ शकतो. बिस्लीला एका लक्ष्यावर दोघे-तिघे असतात आणि पाळीपाळीने एकेक गोळी झाडतात. प्रत्येकाला ४५ सेकंद. तुमची गोळी लागली, वारा कळला आणि लगेच बंदूक खाली! शेजाऱ्याची पाळी येऊन जाईपर्यंत तो वारा केव्हाच निघून गेलेला असतो. जमीन तीच, अंतर तेच, वर्तुळ तेच. नियमात एवढासा बदल केला आणि प्रत्येक गोळी नव्याने पहिली गोळी झाली.

या खेळात दंडातल्या ताकदीला फारशी किंमत नाही. म्हणून तर १९३० मध्ये मार्जरी फॉस्टर यांनी बिस्लीचं किंग्ज प्राइझ जिंकलं, ते जिंकणारी पहिली स्त्री, आणि तेही एका गुणाच्या फरकाने. ३०० पैकी २८० गुण. आज एवढ्या गुणांवर ती स्पर्धा जिंकणं स्वप्नातही शक्य नाही. अंतिम फेरी मात्र अजूनही ९०० आणि १००० यार्डांवरच होते, शेवटच्या शंभर जणांत. त्या दुपारी सगळ्यांच्या दुर्बिणी लक्ष्यावर कमी आणि झेंड्यांवर जास्त रोखलेल्या असतात.