लंडनचे शेवटचे तीन दिवस, व्हाया बार्शी

परदेश ट्रिपमधला सगळ्यात वाईट क्षण कोणता, सांगू? इमिग्रेशनची रांग नव्हे, हरवलेली बॅगही नव्हे. होस्टेलच्या कॉमन फ्रीजमध्ये आपल्या नावाची चिठ्ठी लावलेला दह्याचा डबा असतो. एका सकाळी त्याच्याकडे बघून लक्षात येतं की आता नवा आणायचा नाही, हाच पुरवायचा. तो क्षण! त्या सोमवारी मी डब्यात चमचा घालून उभी होते. गुरुवारची फ्लाइट होती आणि एकवीस दिवसांतले अठरा संपले होते.

लंडनच्या प्रेमात मी दोन वर्षांपूर्वी पडले. तेव्हा ग्रुप टूर होती आणि चार दिवसांत बसच्या खिडकीतून 'डावीकडे बघा, उजवीकडे बघा' झालं होतं. तेव्हाच ठरवलं, पुन्हा यायचं आणि एकटीनं यायचं. मग दोन वर्षं जाम काटकसर केली. फ्रीलान्सरच्या हातात पैसे कसे येतात हे या धंद्यातल्यांना सांगायला नको! यावेळी डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट पकडून मी तासन्‌तास नुसती फिरले. प्रिमरोज हिलच्या उतारावर सँडविच खाल्लं. तिथून पाच-दहा मिनिटांवर किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. त्या घरासमोर मी एकटीच बराच वेळ उभी राहिले. आणि मुख्य म्हणजे, एकवीस दिवसांत एकानंही विचारलं नाही, 'मग लग्नाचं काय?' बार्शीच्या मुलीला यातली चैन कळेल!

पण या ट्रिपला एक काटा होता. बाराव्या दिवशी बाबांचा फोन आला. आजी मोरीत घसरली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन सोलापूरला झालं. मी तिकीट बदलायला बसले, तर फोनवर आजीच. "तू येऊन काय हाड जोडणारेस? पैसं भरलेत ना, फिर मग." नंतर आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आन् साहेबाचं घर तेवढं बघून ये."

आता हा साहेब कोण, ते सांगायला हवं. आमचे आजोबा बार्शी लाइटवर गार्ड होते. ही अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी आता राहिली नाही. मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तिचा विषय संपला. आमच्या पिढीला तिचे विनोदच जास्त माहीत. चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं वेचायची आणि पळत येऊन पुन्हा चढायचं, वगैरे. आजोबांना हे विनोद अजिबात चालायचे नाहीत. "आपल्या गाडीची कंपनी लंडनची होती," असं ते ताठ मानेनं सांगायचे. मला वाटायचं, थापा. २०१९ मध्ये ते गेले, तोवर मी त्यांना धडपणे काही विचारलंच नाही.

थापा नव्हत्या! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला आला. बार्शीची बाजारपेठ आणि पंढरीची वारी बघून त्याच्या डोक्यात एक फंडा आला. रूळ अरुंद ठेवायचे, पण डबे आणि वाघिणी ऐसपैस करायच्या. वजन जास्त चाकांवर सारखं वाटायचं, म्हणजे हलके, स्वस्त रूळ पुरतील. त्यासाठी त्यानं १८९५ मध्ये कंपनी काढली, ती लंडनमध्ये. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात तयार झाली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी पहिली गाडी धावली. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा झाला. १९५४ मध्ये भारत सरकारनं तो विकत घेतला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही सहा-सात वर्षं आमची वारकऱ्यांची गाडी लंडनच्या कंपनीची होती! हे मला बार्शीच्या शाळेत कोणी का सांगितलं नसेल, देव जाणे.

तर सोमवारी मी आवडत्या जागांना 'शेवटचं' भेटून घेतलं. यात एक गंमत होते. आपण कालपर्यंत जी कॉफी नुसती पीत होतो, ती आज उगीच हळूहळू पितो. कॉफी मात्र कालच्याइतकीच कडू असते. संध्याकाळी टॉवर ब्रिजवर गेले. टूरमध्ये इथे फोटोसाठी दहा मिनिटं मिळाली होती. आता कठड्याला टेकून खालच्या गढूळ थेम्सकडे बघत होते, कारण इथेही साहेब आहेच! पुढच्या आयुष्यात कॅलथ्रॉपनं पॅराशूट तयार केलं, नाव 'गार्डियन एंजल'. ते उघडतं हे सरकारला पटवायला मेजर ऑर्ड-लीस या माणसानं १९१७ मध्ये याच पुलावरून नदीत उडी मारली. शॅकल्टनबरोबर अंटार्क्टिकाला गेलेला हाच तो. पॅराशूट उघडलं. तरीही त्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना विमानातून उडी मारायला पॅराशूट मिळालं नाही ते नाहीच. फाइल हलत नसेल, तर साहेबाचीही हलत नाही.

मंगळवार खरेदीत गेला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

बुधवार शेवटचा पूर्ण दिवस. माझा प्लॅन केव्हाचा ठरला होता. हॅम्पस्टेड हीथवर पुस्तक घेऊन लोळायचं. पण सकाळी व्हिडिओ कॉलवर वॉकर धरून उभी राहिलेली आजी दिसली. चार पावलं चालली आणि पलंगावर बसली. घाम पुसत तिनं विचारलं, "साहेबाकडं गेलतीस का?"

मी सेंट्रल लाइन पकडली. कॅलथ्रॉप लाउटनला राहायचा. लिव्हरपूल स्ट्रीटहून अर्धा-पाऊण तास. 'गोल्डिंग्ज' नावाच्या घरी तो अरबी घोडे पाळायचा. घोड्यांवर त्यानं पुस्तकही लिहिलंय. ट्यूबचा डबा बुटका, गोल छताचा, माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. गाडी बोगद्यातून बाहेर उजेडात आली आणि मला वाटलं, आजोबांना हा डबा आवडला असता. त्यांनी आधी दरवाजे नीट लागतात का ते तपासलं असतं. लाउटनला १९४८ पर्यंत वाफेच्याच गाड्या यायच्या. हा माणूस इथल्या फलाटावर उभा राहून बार्शीच्या मालवाहतुकीचे हिशेब डोक्यात घोळवत असेल का? असेलही.

स्टेशनपासून चढ चढत गेले. वर एपिंगचं जंगल सुरू होतं. पानं पिवळी पडायला लागली होती. रस्ता इतका शांत, की माझ्याच बुटांचा आवाज मला मोठा वाटत होता. आणि खरं सांगते, मी फाटकापर्यंत गेलेच नाही. लोकांचं राहतं घर, बेल वाजवून काय सांगणार? 'आमच्या गावची रेल्वे तुमच्या घरातून निघाली' असं? रस्त्याच्या कडेला बाकावर बसले आणि अचानक रडू आलं. लंडन सुटतंय म्हणून असावं. आजोबांना काही विचारलं नाही म्हणून असावं. शिवाय जाताना मी पुण्याची खोली सोडली होती, हे अजून कोणाला सांगितलं नव्हतं. भाडं आणि ट्रिप, दोन्ही जमेना. परतल्यावर मुक्काम बार्शी, निदान आजी चालेपर्यंत. नऊ वर्षांनी. या वाक्याची मला एकवीस दिवस भीती वाटत होती.

समोरून कुत्रा घेऊन जाणाऱ्या एका आजीबाईंनी विचारलं, "आर यू ऑल राइट, डिअर?" मी म्हटलं, हो, उद्या घरी जातेय. "लकी यू," म्हणाल्या आणि कुत्र्यामागे गेल्या. झाडाखाली पडलेलं एक चकचकीत तपकिरी चेस्टनट मी खिशात टाकलं.

मुंबईहून लातूर एक्स्प्रेसनं पहाटे बार्शीला उतरले. रिक्षावाल्यानं भगवंताच्या देवळाच्या बाजूनं घेतलं. काकडा चालू होता. घरी आजी जागीच होती, वॉकर पलंगाला टेकवलेला. मी तिच्या हातात चेस्टनट ठेवलं.

"हे काय, बिब्बा?"

"साहेबाच्या गावचं आहे."

"घर बघितलंस?"

"रस्त्यावरूनच परत आले. आत कसं जायचं, आजी?"

तिनं ते फळ हातात फिरवून उशाखाली सरकवलं. "बार्शीची हाय म्हणायचं की," ती म्हणाली. "चल, धर मला. मोरीपतूर जाऊन यिऊ."