सात नोव्हेंबरला काय काय झालं?

शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या खाली रोज 'आजचा दिनविशेष' लिहिलेला असतो. आपण तो वाचतो न वाचतो, तोच पहिला तास सुरू होतो. आज मात्र आपण एकच तारीख घेऊ आणि तिचा पिच्छाच पुरवू. तारीख आहे 7 नोव्हेंबर.

या तारखेला 1867 साली पोलंडमधल्या वॉर्सा शहरात एक मुलगी जन्मली, मारिया. तीच पुढे मेरी क्युरी झाली. याच तारखेला 1888 साली तिरुचिरापल्लीला चंद्रशेखर व्यंकट रामन जन्मले. मेरीबाईंना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं 1903 साली, रामन यांना 1930 साली. विषय एक, बक्षीस एक आणि वाढदिवसही एकच!

थोडक्यात हुकलेही बरेच जण असतील. आपले पु. ल. देशपांडे बघा ना, 8 नोव्हेंबरला जन्मले. एका दिवसानं गाडी चुकली!

1900 सालचा बुधवार

आता 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी जाऊ. वार होता बुधवार. पॅरिसमध्ये मेरीबाई 33 वर्षांच्या झाल्या. पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्यं सापडल्याचं त्यांनी आणि पतीनं, पियरे क्युरींनी, दोन वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं. पण शुद्ध रेडियमचा क्षार अजून हाती यायचा होता. त्यासाठी खनिजाचे ढीग उकळायचे, ढवळायचे, गाळायचे, असं चाललं होतं. एक टन खनिजातून शेवटी निघाला किती? ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग!

इकडे विशाखापट्टणमला रामन यांना बारावं वर्ष पूर्ण झालं. हा पठ्ठ्या अकराव्या वर्षीच मॅट्रिक पास झालेला.

आणि त्याच बुधवारी साताऱ्यात नऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव सरकारी हायस्कूलच्या पहिल्या इयत्तेत घातलं गेलं. रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकापुढे नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. होय, आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात 2017 पासून 7 नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो, तो याच प्रवेशामुळे.

झुलता पूल

आता चाळीस वर्षं पुढे. 7 नोव्हेंबर 1940. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल त्या सकाळी वाऱ्यानं नुसता हलत नव्हता, पिळवटत होता. रस्त्याची एक कड वर, तर दुसरी खाली. वारा काही वादळी नव्हता, ताशी सुमारे 64 किलोमीटर. पण पुलाचा रस्ता फार अरुंद आणि पातळ होता, कडांना सलग पोलादी पत्रे होते. त्यांच्यावर वारा अडायचा. पूल पिळला की वाऱ्याचा जोर बदलायचा आणि तो बदललेला जोर पुलाला आणखी पिळायचा. शेवटी मधला भाग तुटून पाण्यात कोसळला. माणसं वाचली, पण गाडीत अडकलेला एक कुत्रा मात्र वाचला नाही. पूल वाहतुकीला खुला होऊन पुरते पाच महिनेही झाले नव्हते.

गंमत पुढेच आहे. रामन यांना कंपनांचं भारी वेड. तबला आणि मृदंग इतका सुरेल का वाजतो, यावरही त्यांनी संशोधन केलं होतं. म्हणजे कंपनांनी पूल पडला, तो नेमका कंपनं अभ्यासणाऱ्या माणसाच्या 52व्या वाढदिवशी! काय संबंध असेल दोन्हींचा?

काहीच नाही. पुलाला रामन यांचा वाढदिवस माहीत नव्हता आणि वाऱ्यालाही नव्हता.

जोड्या मोजा

मग अशा जोड्या सापडतात तरी कशा? वर्ष म्हणजे 366 खणांचं एक कपाट आहे असं समजा. 29 फेब्रुवारीचा खण चार वर्षांतून एकदा उघडतो, म्हणून तो जरा बाजूला ठेवू. उरले 365. हजारो वर्षांत जे जे घडलं, जे जे जन्मले, ते सगळं एवढ्याच खणांत कोंबायचं आहे. एका खणात दोन गोष्टी येणार नाहीत तर काय होईल?

आता सांगा, एका खोलीत किती मुलं जमली, तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होईल? 183? 100? उत्तर आहे फक्त 23!

पटत नाही ना? मग मुलं मोजू नका, जोड्या मोजा. पहिल्या मुलाची उरलेल्या 22 जणांशी जोडी लागते. दुसऱ्याच्या नव्या जोड्या 21, तिसऱ्याच्या 20. अशी बेरीज करत गेलं की 253 जोड्या होतात. प्रत्येक जोडीला तारीख जुळण्याची एक संधी. आणि वर्गात 60 मुलं असतील, तर कुणाची तरी तारीख जुळणार हे 99 टक्क्यांहून जास्त पक्कं.

पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेली माणसं दोनशेहून जास्त आहेत. त्यांच्यात एकही जोडी जुळली नसती, तर खरं नवल वाटायला हवं होतं!

मात्र 'कुणाशीही कुणीही जुळो' आणि 'माझ्याच तारखेशी जुळो' यांत फार फरक आहे. तुमच्याच वाढदिवसाचा सोबती मिळण्याची शक्यता निम्म्यावर जायला 23 मुलं पुरत नाहीत, तब्बल 253 लागतात.

दोन दिवस झाले एक

आता डोकं गरगरायला लावणारी गोष्ट. रशियातली प्रसिद्ध 'ऑक्टोबर क्रांती' झाली 7 नोव्हेंबर 1917 ला. नावात ऑक्टोबर आणि तारीख नोव्हेंबरची? कारण रशियात तेव्हा जुनं, ज्युलियन कॅलेंडर चालायचं. त्यात दर चौथं वर्ष लीप वर्ष, बिनचूक. पण ऋतूंचं एक चक्र 365 दिवस 6 तासांपेक्षा सुमारे 11 मिनिटं कमी वेळात पूर्ण होतं. ही मिनिटं साठत साठत ते कॅलेंडर मागे पडत गेलं. आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर 400 वर्षांत तीन लीप वर्षं गाळून हा हिशेब चुकता करतं. 1900 हे असंच गाळलेलं वर्ष.

क्रांतीचा एक पुढारी होता लिओन ट्रॉट्स्की. जुन्या कॅलेंडरप्रमाणे त्याचा जन्म 26 ऑक्टोबर 1879 चा, आणि क्रांती 25 ऑक्टोबर 1917 ची. तारखा वेगवेगळ्या, बरोबर? पण 1879 मध्ये दोन कॅलेंडरांत 12 दिवसांचं अंतर होतं. रशियानं 1900 चा 29 फेब्रुवारी पाळला, बाकीच्या बऱ्याच जगानं पाळला नाही आणि अंतर झालं 13. आता 26 मध्ये 12 मिळवा, 25 मध्ये 13 मिळवा आणि ऑक्टोबरचे 31 दिवस वजा करा. दोन्ही वेळा उत्तर येतं 7 नोव्हेंबर! पुढे 1918 साली रशियानंही कॅलेंडर बदललं. तिथे 31 जानेवारीनंतर थेट 14 फेब्रुवारी उजाडला.

म्हणजे तारखा कधी आपोआप जुळतात, तर कधी माणसं त्या जुळवतात. आपल्याकडे तर याचा भलताच मजेदार नमुना आहे. कितीतरी आजी-आजोबांच्या आधार कार्डावर जन्मतारीख असते 1 जून! पूर्वी घरात जन्माची नोंद नसायची. शाळेत नाव घालताना मुलाची खरी तारीख सांगता आली नाही, की गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढे सरळ 1 जून लिहून टाकायचे. 23 मुलांचं गणित मांडताना आपण सगळे खण सारखेच भरतात असं धरलं होतं. गुरुजींच्या दौतीनं तो 1 जूनचा खण पार दाबून भरला!

करून बघा

1. वर्गातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा. किती जोड्या जुळल्या? मग शेजारच्या तुकडीचीही यादी करा.

2. घरातल्या आणि शेजारच्या आजी-आजोबांना जन्मतारीख विचारा. 1 जून निघाली, तर 'खरा जन्म कधीचा?' हेही विचारा. कुणी पावसाळा सांगेल, कुणी एखादा सण, कुणी दुष्काळाचं साल.

3. तुमच्या वाढदिवशी घडलेल्या पाच गोष्टी शोधा. प्रत्येकीपुढे लिहा: नुसता योगायोग, माणसांनी ठरवलेली तारीख, की कॅलेंडरची करामत? तिन्ही प्रकार एकाच तारखेत सापडले, तर आम्हाला जरूर कळवा.