साठ टक्के अनुदान, आणि उरलेले चाळीस

शेतकऱ्यांच्या संस्थांना सरकारी पैसा मिळण्याची रीत महाराष्ट्रात गेल्या पंधरा वर्षांत पुरती बदलली आहे. आधी शासन सहकारी संस्थेत भागीदार होत असे. 1954च्या ग्रामीण पतपाहणी समितीने ही शिफारस केली, आणि त्या भागभांडवलाच्या आधारावर राज्यात साखर कारखाने उभे राहिले. आता जाहिरात निघते, अर्ज येतात, गुण दिले जातात आणि निवडलेल्या संस्थेलाच अनुदान मिळते.

2010 साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या महाराष्ट्र कृषी स्पर्धाक्षम विकास प्रकल्पाने या वाटेची सुरुवात केली. शेतकरी उत्पादक कंपन्यांची पहिली मोठी फळी त्यातूनच तयार झाली. पुढे 2020 मध्ये बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प आला. गावात त्याला सगळे ‘स्मार्ट’च म्हणतात. 2100 कोटींच्या या प्रकल्पात 1470 कोटी जागतिक बँकेचे कर्ज आहे. निवडलेल्या संस्थेला प्रकल्पखर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. बाकीचे तिने सभासदांकडून आणि बँकेकडून उभे करायचे. ही कल्पना बाहेरून आलेली आहे. कोलंबियात 2002 पासून शेतकरी गट आणि खरेदीदार यांची भागीदारी अशाच पद्धतीने बांधली गेली. तिथे निवडलेल्या कल्पनेचा व्यवहार्यता अभ्यास प्रकल्पाच्याच पैशातून होई. माझ्या मते कोलंबियाच्या योजनेचे मर्म तेच आहे.

स्पर्धेचा एक गुण निःसंशय मान्य करायला हवा. माल कोण घेणार, हे आधी सांगावे लागते. खरेदीदार न शोधता बांधलेली गोदामे आणि बंद पडलेल्या गिरण्या पाहिलेल्या राज्यात ही अट योग्यच आहे.

पण हीच अट पनवेल तालुक्यात लावून पाहा. इथली शेती म्हणजे मुख्यतः पावसाळी भात. 1970 मध्ये सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातली जमीन संपादित झाली. 2016 मध्ये महानगरपालिका झाली, मग विमानतळ आला. जमिनीचे तुकडे उरले. घरातला एक मुलगा तळोजा एमआयडीसीत, दुसरा रिक्षावर, आणि भात लावणारे हात म्हातारे. अशा सभासदांच्या संस्थेकडे लेखापरीक्षण अहवाल, भागधारकांची यादी, सभेचे इतिवृत्त, खरेदीदाराशी करार आणि सविस्तर प्रकल्प अहवाल मागितला जातो. विकास सोसायटीचा गटसचिव बहुधा एकाहून अधिक संस्था सांभाळतो. मग अहवाल लिहिण्यासाठी सल्लागार शोधावा लागतो, त्याची फी अनुदान मंजूर होण्याआधीच द्यावी लागते, आणि ती ज्यांना परवडते तेच पुढे जातात.

पावसाळ्यात कर्नाळ्याच्या रस्त्याकडेला शेवळं, कंटोली, टाकळा घेऊन बसणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायकांचे काय? रानातला माल ओळखणे, निवडणे, वेळेत बाजारात आणणे त्यांना उत्तम जमते. त्यांच्यासाठी 2018 पासून वनधन योजना आहे: साधारण 300 सभासदांच्या केंद्राला 15 लाखांपर्यंत मदत. इथे स्पर्धा नाही, म्हणून दार उघडे आहे. पण हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. 10 हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेने मात्र तो ओळखला: तीन वर्षांसाठी संस्थेच्या व्यवस्थापन खर्चाला 18 लाखांपर्यंत मदत मिळते. मला ही तरतूद यंत्रसामग्रीच्या अनुदानाहून मोलाची वाटते.

चाळीस टक्क्यांची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. स्वहिस्सा म्हणजे सभासदाने संस्थेवर टाकलेला विश्वास. पनवेलमध्ये त्या विश्वासाला मोठा तडा गेला. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण 5 लाखांपर्यंतच असते. ज्या गावात ‘सहकार’ म्हटल्यावर लोकांना बँकेबाहेरची रांग आठवते, तिथे नव्या संस्थेच्या भागासाठी हजार रुपये मागायला मोठे धैर्य लागते. गुण देणाऱ्याच्या तक्त्यात या धैर्यासाठी रकाना नसतो.

आपल्याच देशात याहून वेगळी वाट चालून झाली आहे. 1970 मध्ये दुग्धमहापूर योजना सुरू झाली तेव्हा युरोपातून देणगी आलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल विकून पैसा उभा केला गेला. गावांना अर्ज लिहायला कुणी सांगितले नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची पथके जिल्ह्यांत जाऊन राहिली. दूध मोजणे, फॅट तपासणे, हिशेब लिहिणे शिकवून मगच ती पुढच्या जिल्ह्याकडे गेली. पैशाआधी माणूस पाठवला गेला, म्हणून पुढचा पैसा टिकला.

रायगडासारख्या जिल्ह्यात स्पर्धा ठेवायचीच असेल, तर अर्जाआधी तीन वर्षे लहान संस्थेच्या लेखापरीक्षणाचा आणि पगारी सचिवाचा खर्च शासनाने उचलावा, आणि प्रकल्प अहवाल कोलंबियाप्रमाणे प्रकल्पाच्या पैशातून करून द्यावा. त्यानंतर खुशाल गुण द्यावेत. तोवर 60 टक्के त्यांनाच मिळत राहतील ज्यांच्याकडे 40 आधीच होते.

शासन करील तेव्हा करील. पनवेलमध्ये निवृत्त बँक अधिकारी आणि सनदी लेखापाल पुष्कळ आहेत. सहकारी संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. पुढच्या सभेआधी त्यांच्यापैकी प्रत्येकाने तालुक्यातल्या एका संस्थेचे दप्तर लावून द्यावे, अशी माझी या लेखाच्या वाचकांना विनंती आहे.