डिजिटल माध्यमे आणि ग्रंथाचे मूल्य : आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेला आदिलाबाद जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेलुगू व गोंडी यांबरोबरच मराठी आणि उर्दू या भाषाही येथे बोलल्या जातात. परंतु मराठी ग्रंथ बहुधा नागपूर-नांदेडहून आणि उर्दू ग्रंथ हैदराबादहून आणावा लागतो. म्हणजेच येथील वाचकाला छापील किमतीखेरीज अंतराचेही मूल्य मोजावे लागते. डिजिटल तंत्रज्ञानाने हे अंतर पुसले आहे. मात्र मूल्य कोणी व कशाचे द्यावयाचे, हा प्रश्न नव्याने उभा केला आहे.

मूल्य देण्याच्या पद्धती

छापील पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीस कागद लागतो. ई-पुस्तकाची दुसरी प्रत जवळजवळ विनाखर्च तयार होते. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून दहा-वीस रुपयेही थेट पाठविणे सोपे झाले. यातून तीन पद्धती रूढ झाल्या. पहिली, प्रत्येक ई-पुस्तकाची स्वतंत्र किंमत. दुसरी, ठराविक वर्गणीत हवे तेवढे वाचणे वा ऐकणे. २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलने मराठी श्राव्य पुस्तके याच पद्धतीने दिली. तिसरीत वाचक काहीच देत नाही, खर्च दुसरा कोणी सोसतो. २०१३ मध्ये सुरू झालेले उर्दूचे 'रेख्ता' आणि आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय ही याची उदाहरणे होत.

मालकी की परवानगी?

विकत घेतलेले छापील पुस्तक उसने देता येते, मुलांसाठी ठेवता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा केवळ वाचण्याची परवानगी मिळते. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून काढून घेतल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र गेली. देवघेवीवरच चालणाऱ्या महाविद्यालयीन ग्रंथालयाला हा फरक विसरता येणार नाही.

फुकट प्रतींचा प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ प्रती सर्वच बेकायदेशीर नसतात. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत साहित्यकृतीवर स्वामित्व हक्क राहतो. त्यामुळे साने गुरुजींच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून आणि सआदत हसन मंटो यांचे २०१६ पासून भारतात खुले झाले. हयात लेखकाच्या पुस्तकाची गोष्ट निराळी. मर्यादित खपाच्या पुस्तकाची प्रत वर्गभर वाटली गेली, तर त्याच लेखकाचे पुढचे पुस्तक छापणे प्रकाशकाला कठीण जाते.

समारोप

सर्वांनी मिळून ग्रंथाचे मूल्य देणे या भागाला नवे नाही. १९६० च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर लावला आणि त्यातून गावोगावची वाचनालये पोसली गेली. जानेवारी २०२५ पासूनची 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना संशोधन नियतकालिकांबाबत हेच करते. मात्र तिच्या पहिल्या टप्प्यात शासकीय संस्थाच आहेत. इतर महाविद्यालयांनी आपसांत मिळून वर्गणी भरण्याचा विचार करावा. करारापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : एका वेळी किती विद्यार्थी वाचू शकतील? पुस्तक उसने देता येईल काय? आणि वर्गणी थांबल्यावर ग्रंथालयात काय उरेल? तिसऱ्याचे उत्तर 'काहीच नाही' असेल, तर अंदाजपत्रकातील काही रक्कम छापील ग्रंथांसाठी राखून ठेवणे हिताचे ठरेल.